अप्पर सर्किटला तुम्हाला शेअर मिळतो, तेव्हा विकणारा कोण असतो?

जुलै २०२२ च्या उत्तरार्धात यूट्यूबच्या दोन चॅनेलांवर साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीचे व्हिडिओ झळकले. अदानी समूह ही कंपनी ताब्यात घेणार आहे, एका बड्या अमेरिकी कंपनीने चार भक्तिपटांसाठी ११०० कोटींचा करार केला आहे, असे त्यांत ठासून सांगितले होते. सगळे खोटे होते. पैसे भरून केलेल्या जाहिरातींच्या जोरावर हे व्हिडिओ घराघरांत पोचले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २ मार्च २०२३ रोजी अंतरिम आदेश काढला, त्यातला एक आकडा प्रत्येकाने लक्षात ठेवावा: कंपनीच्या लहान भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. एवढ्या लोकांनी चढ्या भावात शेअर घेतले, तर तेवढे शेअर कोणीतरी विकले. विकणाऱ्यांत काही प्रवर्तक (कंपनी उभी करणारे मालक), व्यवस्थापनातली माणसे आणि एक टक्क्याहून जास्त शेअर धरून बसलेले लोक होते, असे आदेशात म्हटले आहे.

अशा फसवणुकीत खोटी बातमी हा सुरुवातीचा भाग असतो. माणूस अडकतो तो त्यानंतरच्या गप्पांत. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी शे-दोनशे मेसेज पडतात. "भाऊ, आता एंट्री घ्यायची का?" "उशीर केलास, पण टार्गेट १८० आहे, घेऊन टाक." "माझी ऑर्डर तीन दिवस पेंडिंग आहे, कोणी विकतच नाही." "ज्याला भीती वाटते त्याने एफडी करावी." वातावरण कट्ट्यावरच्या गप्पांसारखे असते आणि विश्वास बसतो तो नेमका त्यामुळे. यातली निम्मी नावे एकाच टोळीची असू शकतात. नफ्याचे स्क्रीनशॉट दोन मिनिटांत बनवता येतात. ग्रुपमध्ये किती लोक खरे आहेत हे बाहेरून कळायला मार्ग नाही, म्हणून त्यांच्या संख्येवरून काहीही ठरवू नये.

शंका घेणाऱ्याचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. कोणी विचारले, "कंपनीची विक्री तर दिसत नाही, भाव कशाच्या जोरावर चढतोय?" तर ग्रुप चालवणारा त्याला लगेच काढत नाही. आधी बाकीचे त्याची टिंगल करतात. मग एखादे 'पुरावा' म्हणून पत्र किंवा कारखान्याचा फोटो येतो आणि शंका मिटल्याचे जाहीर होते. जे गप्प बसून वाचत होते, त्यांच्या मनातला प्रश्नही तिथेच दबतो. तोच माणूस दुसऱ्यांदा बोलला, तर मात्र बाहेर जातो. जाताना त्याच्यावर एक ठरलेला आरोप होतो: "याने शॉर्ट केलंय, म्हणून भाव पाडतोय."

शॉर्ट करणे म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकणे आणि भाव पडल्यावर स्वस्तात परत घेणे. हा आरोप तपासायला सोपा आहे आणि बहुतेक वेळा तो टिकत नाही. आपल्या बाजारात ज्या शेअरला फ्युचर्स (पुढच्या तारखेचे खरेदी-विक्री करार) नाहीत, तो विकून दुसऱ्या दिवसापर्यंत शॉर्ट राहण्याचा मार्ग सामान्य माणसाला जवळपास नसतो. शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात असेल, तर इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी विकून परत घेण्याचा, शॉर्टही करता येत नाही, कारण प्रत्येक विक्रीची डिलिव्हरी द्यावी लागते आणि ती दिली नाही तर लिलावाचा दंड बसतो. असे चढवलेले शेअर बरेचदा याच गटात असतात. मग तिथे वाईट बोलून पैसे कमावणार कोण? फार तर तो, ज्याला भाव पडल्यावर स्वस्तात माल गोळा करायचा आहे. तेही घडते. म्हणून "कंपनी बुडाली, पळा" हा मेसेजसुद्धा "डबल होणार" या मेसेजइतकाच तपासून घ्यावा. शंका घेणारा प्रामाणिक आहे असे गृहीत धरू नका, पण तो शॉर्टवाला आहे म्हणून त्याचा प्रश्न झटकून टाकायलाही काही आधार नसतो.

आता सर्किटकडे वळू. सर्किट म्हणजे एका दिवसात भाव किती वर किंवा खाली जाऊ शकतो याची मर्यादा. अशा लहान शेअरवर ती बरेचदा ५ टक्क्यांची असते, कधी २ टक्क्यांची. रोज ५ टक्के अप्पर सर्किट लागले तर १५ सत्रांत भाव दुपटीच्या थोडा वर जातो. या काळात खरेदीच्या बाजूला लाखो शेअरच्या ऑर्डरी दिसतात आणि विक्रीच्या बाजूला शून्य. ते पाहून वाटते की मागणी प्रचंड आहे. पण खरेदीची ऑर्डर टाकून काढून घ्यायला काही शुल्क लागत नाही. रांगेत पुढे असलेली मोठी ऑर्डर त्या टोळीचीच असेल, तर आपसात थोडे शेअर फिरवून भाव वर ठेवता येतो आणि बाहेरच्याला माल मिळत नाही. माल मिळत नाही म्हणून हाव वाढते, दुसऱ्या दिवशी लोक आणखी मोठी ऑर्डर टाकतात.

एक्सचेंजवर आधी भाव आणि मग वेळ या क्रमाने ऑर्डर भरली जाते. सर्किटच्या भावावर सगळ्यांचा भाव एकच, म्हणजे क्रम फक्त वेळेचा. रांगेच्या शेवटी असलेली तुमची ऑर्डर दहा दिवस भरली नाही आणि अकराव्या दिवशी अचानक पूर्ण भरली, तर त्याचे अर्थ दोनच: तुमच्या पुढच्या सगळ्या ऑर्डरी पुरून उरेल एवढा माल त्या दिवशी कोणीतरी ओतला, किंवा पुढची दिखाऊ ऑर्डर काढून घेतली गेली. ग्रुपवर मात्र त्याच संध्याकाळी अभिनंदनाचे मेसेज येतात. ऑर्डर भरली त्या दिवसाचे व्हॉल्यूम (किती शेअरची उलाढाल झाली तो आकडा) आधीच्या महिन्याच्या सरासरीशी ताडून पाहा. पाच-दहा पटींनी वाढलेले असेल, तर दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच बाहेर पडण्याचा विचार करा, टार्गेटची वाट पाहू नका.

उतरणीला हेच गणित उलटे चालते. दहा सत्रे सलग ५ टक्क्यांचे लोअर सर्किट लागले की १०० चा शेअर ६० च्या आसपास येतो आणि त्या दहा दिवसांत तुम्हाला विकता येईलच असे नाही. स्टॉप-लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकायची ऑर्डर, इथे निरुपयोगी ठरतो: भाव ट्रिगर होतो, ऑर्डर रांगेत जाते, पण समोर घेणारा नसतो. जीटीटीचेही (ठरावीक भाव येईपर्यंत ब्रोकरकडे थांबणाऱ्या ऑर्डरचेही) तसेच, ट्रिगर होईपर्यंत ती एक्सचेंजच्या रांगेत नसतेच. अडकलेल्याने आदल्या रात्रीच आफ्टर मार्केट ऑर्डर लोअर सर्किटच्या भावाला टाकून ठेवावी आणि ती भरेपर्यंत रोज नव्याने टाकावी, कारण दिवसाची ऑर्डर संध्याकाळी रद्द होते. सकाळी दहा वाजता "बघू काय होतंय" म्हणून लॉगिन करणाऱ्याचा नंबर बराच मागे गेलेला असतो.

याच दिवसांत ग्रुपवर सगळ्यात जास्त जोर 'अॅव्हरेज करा', म्हणजे पडत्या भावात आणखी घेऊन खरेदीची सरासरी खाली आणा, यावर असतो. त्याचे कारण उघड आहे. वरच्या भावात संपूर्ण माल खपलेला नसतो, उरलेला उतरणीला खपवायचा असतो आणि त्यासाठी घेणारे हवेत. चढत्या भावात घेऊन जेवढे नुकसान होत नाही तेवढे अनेकांचे अॅव्हरेज करण्यात होते, कारण तोवर माणूस भावनेने गुंतलेला असतो आणि दागिने किंवा पर्सनल लोन यांपर्यंत हात पोचलेला असतो. कर्ज काढून अॅव्हरेज करू नका, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे.

घेण्याआधी काय पाहावे? कंपनीच्या नावाने बीएसईच्या संकेतस्थळावर जे मिळते ते पुरेसे आहे, अर्धा तास लागतो. सर्वांत आधी तिमाही निकालात कर्मचाऱ्यांवरचा खर्च बघा. शेकडो कोटींच्या ऑर्डरी सांगणाऱ्या कंपनीचा तिमाहीचा पगारखर्च काही लाखांत असेल, तर ते काम करणार कोण? विक्री आणि नफा कागदावर फुगवता येतो, पगाराची ओळ सहसा कोणी सजवत नाही. एलएस इंडस्ट्रीजचा भाव २३ जुलै २०२४ ला २२.५० रुपये होता, तो २७ सप्टेंबरला २६७.५० वर पोचला. कंपनीचे बाजारमूल्य २२ हजार कोटींच्या पुढे गेले आणि विक्री होती जवळपास शून्य. एका माजी संचालकाने १२ टक्क्यांहून अधिक हिस्सा दुबईतल्या एका व्यक्तीला अवघ्या एका डॉलरला दिल्याचेही सेबीने फेब्रुवारी २०२५ च्या अंतरिम आदेशात नोंदवले आहे.

दुसरी जागा म्हणजे शेअरहोल्डिंग पॅटर्न, कोणाकडे किती शेअर आहेत याचा तक्ता. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत तो जाहीर करावा लागतो. त्यात दोन लाखांपर्यंतचे भांडवल धरणाऱ्या व्यक्तींची संख्या असते. लागोपाठच्या चार तिमाह्यांचे आकडे शेजारी लिहा. भाव चढतोय, लहान भागधारक अनेक पटींनी वाढतायत आणि प्रवर्तकांचा किंवा एक टक्क्यावरच्या नावांचा हिस्सा घटतोय, हे तिन्ही एकत्र दिसले की चित्र स्पष्ट आहे. अडचण अशी की हा आकडा उशिरा येतो, ऑगस्टमध्ये झालेली विक्री ऑक्टोबरमध्ये दिसते. त्यामुळे रोजची बल्क डीलची यादीही बघावी. कंपनीच्या एकूण शेअरच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त व्यवहार एका खात्याने एका दिवसात केला, तर त्याचे नाव तिथे येते.

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे प्रेफरन्शियल अलॉटमेंटचा (कंपनीने निवडक लोकांना थेट दिलेल्या नव्या शेअरचा) लॉक-इन. प्रवर्तक नसलेल्यांना असे शेअर मिळाले की ट्रेडिंगची मंजुरी मिळाल्यापासून ६ महिने ते विकता येत नाहीत. मंजुरीची तारीख एक्सचेंजच्या नोटिशीत असते. त्यात सहा महिने मिळवा आणि बघा, मोठ्या ऑर्डरींच्या घोषणा, बोनस, शेअरचे विभाजन नेमके त्याच सुमारास येतायत का. भारत ग्लोबल डेव्हलपर्सचा शेअर वर्षभरात १६.१४ रुपयांवरून १,७०२.९५ वर गेला, म्हणजे १०५ पट. बड्या कंपन्यांकडून ऑर्डरी मिळाल्याच्या घोषणा सुरू होत्या, आणि लॉक-इन संपल्यावर अलॉटमेंट मिळालेल्यांनी विक्री केली. २३ डिसेंबर २०२४ ला सेबीने या शेअरचे व्यवहारच थांबवले. त्या दिवशी ज्यांच्या हातात तो होता, त्यांना विकायला लोअर सर्किटची रांगसुद्धा उरली नाही.

एक्सचेंजने शेअर एएसएम, जीएसएम किंवा ईएसएम या जादा नजर ठेवण्याच्या याद्यांपैकी कशात टाकला आहे का, ते ब्रोकरच्या अॅपमध्ये शेअरच्या नावापुढे दिसते. ईएसएम २०२३ मध्ये सुरू झाले, सुरुवातीला ५०० कोटींहून कमी बाजारमूल्याच्या कंपन्यांसाठी. ग्रुपवर सांगितले जाते की "एक्सचेंजला आपला शेअर वर जाऊ द्यायचा नाही." तसे काही नसते. या शेअरच्या चालीवर जादा नजर ठेवायला हवी, एवढेच ते चिन्ह सांगते, आणि ते दिसल्यावर नवी खरेदी करू नये.

टिप देणारा स्वतःला सेबी-नोंदणीकृत म्हणवत असेल, तर नोंदणी क्रमांक मागा. रिसर्च अॅनालिस्टचा क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने. सेबीच्या यादीत तो क्रमांक, नाव आणि फोन तिन्ही जुळले पाहिजेत, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक वापरणारे पुष्कळ आहेत. आणि नोंदणी असलेला कोणीही परताव्याची खात्री देऊ शकत नाही.

फसवणूक झालीच, तर ग्रुप सोडण्याआधी मेसेज तारखेसह एक्सपोर्ट करा, चॅनेलची लिंक, व्हिडिओ, पैसे पाठवलेले यूपीआय आणि आपल्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने पाठवलेल्या व्यवहाराच्या पावत्या) जपून ठेवा. टोळी सगळ्यात आधी मेसेज पुसते. पैसे एखाद्या बनावट अॅपमध्ये किंवा अनोळखी खात्यात गेले असतील, तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधीच ती गोठवता येते. खरा शेअर खऱ्या ब्रोकरकडून चढ्या भावात घेतला असेल, तर तिथे १९३० चा फारसा उपयोग नाही. कंपनीची किंवा नोंदणीकृत सल्लागाराची तक्रार सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर करता येते, पण भाव पडून झालेले नुकसान त्यातून परत मिळेल अशी अपेक्षा धरू नका. साधना प्रकरणात व्हिडिओ जुलै २०२२ चे, अंतिम आदेश मे २०२५ चा. त्यात ५९ जणांवर १ ते ५ वर्षांची बंदी आली आणि गैरमार्गाने कमावलेले ५८ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले गेले. "सेबीकडून तुमचे पैसे काढून देतो, आधी फी भरा" असा फोन आला, तर तो दुसऱ्या फसवणुकीचा आहे.

अजून शेअर हातात असेल आणि विकता येत असेल, तर ३१ मार्चच्या आत विकून तोटा नोंदवा. बारा महिन्यांच्या आतला तोटा अल्पकालीन आणि दीर्घकालीन दोन्ही भांडवली नफ्यातून वजा करता येतो, आणि विवरणपत्र मुदतीत भरले तर पुढे आठ वर्षे नेता येतो. शेअरचे व्यवहार थांबले की विक्री होत नाही आणि विक्री झाल्याशिवाय तोटा दाखवता येत नाही, त्यामुळे शेअरवर कारवाईची कुणकुण लागली असेल तर मार्चची वाटही पाहू नका.