नळीत सळई घालून पाहिली असती तर

धुळ्यातील आमच्या घराची मागची बाजू नाल्याकडे उतरते, म्हणून दोन वर्षांपूर्वी तेथे पाच फुटी दगडी आधारभिंत बांधून वर बाग करण्याचे ठरवले. दोन्ही कामे एकाच ठेकेदाराला ८५ हजारांत दिली. पावतीवर त्याने नुसते 'बागकाम' लिहिले, तिकडे मी लक्ष दिले नाही.

आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. अशा मातीला अडवणाऱ्या भिंतीमागे खडी-मुरमाचा थर हवा आणि साचलेले पाणी निघून जाण्यासाठी भिंतीतून आरपार नळ्या हव्यात, एवढे मला ठाऊक होते. म्हणूनच दर्शनी बाजूस ओळीने दिसणारी पांढऱ्या पाइपांची तोंडे पाहून मी निर्धास्त झालो. भिंतीपासून जेमतेम दीड फुटावर त्याने हिरव्यागार रोपांची रांग लावली. "शोभेचं बुटकं झाड आहे दादा, सहा फुटांवर थांबतं," असे तो म्हणाला.

दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीचे पोट सुटले. पाहायला आलेल्या वयस्कर गवंड्याने एका पाइपात सळई घातली. ती चार बोटांवर अडली. पुढच्या पाइपातही तेच. "पाणीले वाटच नही, भाऊ," एवढेच तो बोलला. पाइपांचे तुकडे दर्शनी भागात खोचून मागून सिमेंटने बुजवले होते, आणि भरावात खडीऐवजी पाया खणताना निघालेली काळी मातीच होती. बुटकी झाडे बारा फुटांवर गेली होती व त्यांची मुळे दगडांच्या सांध्यांत शिरली होती. ती कोनोकार्पस निघाली. गुजरातने २०२३ मध्ये ज्याच्या लागवडीवर बंदी घातली, तेच हे झाड.

ठेकेदाराने "पाऊस जास्त झाला" असे सांगितले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. पावतीवर भिंतीचा उल्लेखच नसल्याने माझी बाजू लंगडी पडली.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रत्येक नळीत सळई घालून ती आरपार जाते का, हे पाहावे. भराव टाकताना स्वतः उभे राहावे. भिंत बुजली की आतले काही दिसत नाही. झाडाचे शास्त्रीय नाव, भिंतीची उंची व भरावाचे साहित्य पावतीवर लिहून घ्यावे. वड, पिंपळ, उंबर, फायकस आणि गुलमोहर यांना भिंतीपासून दूरच ठेवावे. कडेला तगर, मोगरा किंवा माती धरून ठेवणारा वाळा पुरतो.

नव्या भिंतीमागे मी वाळाच लावला आहे. कोनोकार्पसचे तोडलेले बुंधे मात्र अजून फुटतात आणि दर रविवारी कोयता घेऊन बसावे लागते.