टेक्निकल रायटिंग: पुण्याचा क्लास, गूगलचा फुकट कोर्स की वाळूजची नोकरी?

नांदेड-लातूरकडे इंजिनिअरिंग किंवा बी.एस्सी. संपलं आणि कुणी टेक्निकल रायटिंगचं, म्हणजे यंत्रांच्या किंवा सॉफ्टवेअरच्या वापराच्या पुस्तिका आणि सूचना लिहिण्याच्या कामाचं नाव काढलं, की पाठोपाठ सल्ला येतो: पुण्याला जा, क्लास लाव. फी, खोलीभाडं, मेस यांचा हिशोब मांडण्याआधी हे पैसे कशाचे द्यायचे ते बघा. कारण पाया शिकायला पैसे लागत नाहीत.

गूगलचे 'टेक्निकल रायटिंग वन' आणि 'टू' हे कोर्स सगळ्यांना खुले आहेत. पहिल्यात वाचक ओळखणं, एका वस्तूला शेवटपर्यंत एकच नाव ठेवणं, छोटी वाक्यं, याद्या, तक्ते आणि ॲक्टिव्ह व्हॉइस येतं. ॲक्टिव्ह व्हॉइसच्या, म्हणजे काम कोण करतो ते वाक्यात सांगण्याच्या, धड्यावर आपल्याकडच्यांनी जास्त वेळ घालवावा. शासन निर्णयांची भाषा अंगात मुरलेली असते आपल्या. 'व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी दाब तपासण्यात यावा' असं लिहिलं की भारदस्त वाटतं. पण तपासायचा कुणी, ऑपरेटरनं की क्वालिटीवाल्यानं? इंग्रजीत लिहितानाही हीच खोड डोकावते. मराठी माध्यमातून आलोय म्हणून बिचकू नका, इथे साधं इंग्रजीच चालतं.

कोर्सची अडचण वेगळी आहे. तो मुळात सॉफ्टवेअरवाल्यांसाठी बेतलेला आहे, 'टू'मध्ये तर नमुना कोड कसा लिहावा हेही येतं. मेकॅनिकलवाल्याला ते परकं वाटेल. त्याने सोबत एएसडी-एसटीई १०० (थोडक्यात एसटीई) हे विमान उद्योगातून आलेलं, साधं इंग्रजी कसं लिहावं याचं मानक वाचावं. मागणी केल्यावर तेही मोफत मिळतं. सुमारे ९०० मान्य शब्द, कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनाच्या वाक्यात २५. कोरडं आहे, पण यंत्राची पुस्तिका लिहायची असेल तर गूगलपेक्षा हे जवळचं.

घरबसल्या शिकताना एकच गोष्ट मिळत नाही: तुमच्या पानावर लाल पेन चालवणारा माणूस. क्लासचे पैसे द्यायचे ते याचे, आणि थोडे फ्रेममेकर, मॅडकॅप फ्लेअर ही पुस्तिका तयार करायची सॉफ्टवेअरं किंवा डिटा ही मजकूर सुट्या तुकड्यांत बांधायची पद्धत हाताळायला मिळण्याचे. म्हणून प्रवेशाआधी जुन्या विद्यार्थ्याचा तपासलेला एखादा कागद दाखवा म्हणावं. दाखवता आला नाही, तर नुसत्या स्लाइड ऐकायला पुणं गाठू नये. प्लेसमेंटच्या बोलीवर तर मी अजिबात निर्णय घेणार नाही.

तिसरी वाट मराठवाड्यातलीच. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींमधल्या औषध आणि वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यांत एसओपी (काम करायची ठरलेली पद्धत) आणि वर्क इन्स्ट्रक्शन (कामाच्या पायऱ्या) सतत लिहिल्या जातात, सुधारल्या जातात. ट्रेनी म्हणून लागलात तर पगार घेत शिकता. वाचकही समोरच असतो. शिफ्टमधल्या ऑपरेटरला पायरी कळली नाही तर तो तोंडावर सांगतो. क्लासमध्ये हे मिळत नाही. पण जुनी एसओपी उघडून तारीख बदलायची सवय इथेच लागते, आणि कंपनीचे कागद गोपनीय असल्यामुळे पुढच्या मुलाखतीत दाखवायला हातात काही उरत नाही.

सॉफ्टवेअर कंपनीत जायचं असेल तर गूगलचे दोन्ही कोर्स करून मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि गिट (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिका, मग एखाद्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये दुरुस्त्या पाठवा. तिथले लोक तुमचं लिखाण तपासतात, म्हणजे लाल पेनही फुकटच. कारखान्यातच राहायचं असेल तर नोकरी आणि एसटीई. क्लास फक्त एवढं करूनही नोकरीच्या जाहिरातीतलं एखादं टूल आडवं येत असेल तर.

गूगलच्या कोर्सचं प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे नमुने स्वतःच तयार करावे लागतील. ठिबकचा सँड फिल्टर बॅकवॉश कसा करायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून कसा धुवायचा, एवढा विषय सुरुवातीला पुरे. आधी मराठीत लिहा. मग ज्याने हे कधी केलं नाही अशा माणसाच्या हातात कागद द्या आणि शेजारी गप्प उभे राहा. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल तिथे खूण करा, ते वाक्य दुरुस्त करा आणि मगच इंग्रजी मसुद्याला हात घाला.