विमानतळावरचं सिक्युरिटी चेक : ५ पैकी २ स्टार

तपासणीला माझा विरोध नाहीये, ती व्हायलाच हवी आणि कडक व्हायला हवी. पण ट्रेमध्ये नक्की काय काढून ठेवायचं हे जिथे जाल तिथे वेगळं, आणि ते कळतं कधी तर आपला नंबर लागल्यावर, मागे लोकं खोळंबलेली असताना. एका ठिकाणी लॅपटॉप काढला नाही म्हणून बॅग परत पाठवतात, दुसरीकडे आधीच काढून हातात धरला तर "आत ठेवा, आत ठेवा, लाईन अडवू नका" म्हणून ओरडतात.

खरं कारण मशीनचं आहे. जुन्या एक्स-रेमध्ये बॅगेचं सपाट चित्र दिसतं, लॅपटॉपखाली काय आहे ते नीट कळत नाही म्हणून बाहेर काढायला लावतात. नवीन सीटी स्कॅनर हॉस्पिटलमधल्यासारखाच, सगळ्या बाजूंनी बघता येतं, त्यामुळे काही काढायची गरज पडत नाही. कधीकधी एकाच विमानतळावर दोन्ही प्रकारची मशीन असतात. मग लाईनच्या तोंडाशी एक साधा बोर्ड लावायला काय हरकत आहे?

लिक्विडचं तर विचारूच नका. २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतून स्फोटकं न्यायचा कट पकडला गेला, त्यातून हातातल्या बॅगेत लिक्विड १०० एमएलपेक्षा जास्त नको हा नियम आला, तो पटतो. पण मोजतात ती बाटली, आतला माल नाही, हे किती जणांना माहीत असतं? माझ्या पुढे एक आजी होत्या, त्यांची १५० एमएलची क्रीमची ट्यूब तळापासून गुंडाळत आणलेली, आत जेमतेम बोटभर क्रीम राहिलेलं. ऑफिसरने ट्यूब उलटी करून छापलेला आकडा दाखवला आणि टाकली डब्यात. आजी बिचाऱ्या त्या आकड्याकडे बघतच राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

पॉवरबँकचा घोळ वेगळाच. ती चेक-इन बॅगेत चालत नाही, जवळच ठेवायची, कारण लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये निदान विझवता तरी येते, खाली सामानात कोण जाणार? पण मर्यादा सांगतात १०० वॉट-अवर (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) आणि पॉवरबँकवर मोठ्या अक्षरात असतं एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर, हे वेगळंच माप! तर लक्षात ठेवा, एमएएचला ३.७ ने (बॅटरीचा नेहमीचा व्होल्टेज) गुणा आणि १००० ने भागा. म्हणजे २०,००० वाली ७४ वॉट-अवर, चालते. १०० ते १६० च्या मधली असेल तर एअरलाईनची परवानगी लागते.

दोन स्टार दिले ते स्टाफकडे बघून, दिवसभर उभं राहून तेच तेच सांगत असतात बिचारे. बाकीचे तीन कापलेत ते बोर्ड न लावणाऱ्यांचे. आणि हो, कनेक्टिंग फ्लाईट असेल तर ड्युटी फ्रीच्या बाटलीची सीलबंद पिशवी शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडू नका, मधल्या तपासणीत बाटली काढून घेतील. दुकानात बिल देताना हे स्वतःहून सांगायलाच हवं, माझ्या वेळी तरी कोणी सांगितलं नाही.