मिसकॅरेजनंतर: पूर्ण टॉर्च पॅनेल की फक्त रुबेला आयजीजी?

मिसकॅरेजच्या आधी आठवडाभर ताप होता, म्हणजे त्या व्हायरलनेच घात केला, असं घरात ठरून जातं. मग कोणीतरी टॉर्च ही रक्ततपासणी सुचवतं. मुंबईत फोन केला की लॅबचा माणूस सकाळी दारात येतो आणि रिपोर्टची पीडीएफ मोबाइलवर येते. करणं इतकं सोपं असल्यामुळेच करावं का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पॅनेलमध्ये टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आणि हर्पिस, प्रत्येकाचं आयजीजी आणि आयजीएम, म्हणजे त्या लागणीविरुद्ध शरीराने बनवलेल्या दोन प्रकारच्या अँटिबॉडी. (टॉक्सोप्लाझ्मा विषाणू नाहीच, परजीवी आहे.) पावसाळ्यातला तुमचा ताप डेंगीचा किंवा फ्लूचा असेल, तर तो या यादीत कुठेच नाही. गर्भाला धोका देणारा पार्व्होव्हायरसही नेहमीच्या पॅनेलमध्ये नसतो.

रिपोर्ट उघडला की ‘सीएमव्ही आयजीजी: रिॲक्टिव्ह’ ठळक अक्षरात दिसतं आणि पोटात गोळा येतो. त्याचा अर्थ एवढाच की ही लागण कधीतरी, बहुधा लहानपणी, होऊन गेली. आपल्याकडे बहुतेक प्रौढ बायकांचा निकाल हाच येतो. खरी गडबड आयजीएमची. ते ताज्या लागणीची खूण मानतात, पण कधी महिनोन्‌महिने रक्तात रेंगाळतं, कधी दुसऱ्याच कारणाने खोटं पॉझिटिव्ह येतं. चार-पाच आयजीएम एकदम तपासले की एखादं असं निघण्याची शक्यता वाढतेच. त्यावर स्पायरामायसिन किंवा असायक्लोव्हिरचा कोर्स सुरू होतो आणि पुढची तारीख लांबते. वारंवार मिसकॅरेज होणाऱ्या बायकांमध्येही सरसकट टॉर्च करू नये, असंच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे.

रुबेला आयजीजीचं तसं नाही. निकाल आला की काय करायचं ते ठरलेलं असतं. निगेटिव्ह आला, म्हणजे संरक्षण नाही, तर एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीचा 0.5 मिली डोस घ्यायचा आणि पुढचे चार आठवडे गर्भ राहू द्यायचा नाही. लस जिवंत विषाणूची असल्याने दिवस गेल्यावर देता येत नाही, म्हणून दोन गरोदरपणांमधला हा काळच कामाचा. पहिल्या 12 आठवड्यांत रुबेला झाला तर गर्भ जाऊ शकतो; टिकला तरी बाळाच्या डोळे, कान किंवा हृदयात दोष राहण्याची शक्यता 90 टक्क्यांपर्यंत जाते. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम नोव्हेंबर 2018 मध्ये झाली, तीही 15 वर्षांखालच्या मुलांसाठी. आज तिशीत असलेल्या बायका त्यातून सुटल्या. आईकडे जुनं लसीकरण कार्ड असेल आणि त्यावर एमएमआरचे दोन डोस दिसत असतील, तर ही टेस्टही नको. कांजिण्या झालेल्या नसतील, तर त्या लसीचंही याच वेळी विचारून घ्या.

वाचलेले पैसे? पहिल्या तिमाहीत गेलेल्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो. दुसऱ्यांदा झालं तर गर्भाच्या ऊतीची गुणसूत्र तपासणी, थायरॉइड, गर्भाशयाची सोनोग्राफी आणि रक्तात गुठळ्या करू शकणारी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (पॉझिटिव्ह आल्यास 12 आठवड्यांनी पुन्हा) यांतून कारण सापडण्याची आशा जास्त.

टॉर्चमधल्या टेस्टना जागा आहे, पण गरोदरपणात अंगावर पुरळ आलं, घरात कोणाला आलं, किंवा सोनोग्राफीत काही वेगळं दिसलं तर. तेव्हाही ज्याचा संशय त्याचीच टेस्ट, आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना त्याच लॅबमध्ये. दोन लॅबचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर आयजीजी अ‍ॅव्हिडिटी करून घ्या. ती, म्हणजे अँटिबॉडीची जंतूला घट्ट धरण्याची ताकद, जास्त असेल तर लागण किमान तीन-चार महिन्यांपूर्वीची धरतात. एकट्या आयजीएमवरून गर्भपाताचा निर्णय कधीच घेऊ नका.

आणि पुरळ असताना थेट डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये जाऊन बसू नका, आधी फोन करा. तिथे शेजारी बसलेल्याही गरोदरच असतात.