लागो बुदीजवळच्या रुकात जेवण, ४/५

चिलीत तेमुकोला आलात तर लागो बुदी तळ्याच्या बाजूला 'मापुचे' या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या रुकात जेवाच. रुका म्हणजे गवताने शाकारलेलं घर, मधोमध चूल, डोळे चुरचुरतात पण काटुटो एकदम भारी, शिजवलेले गहू वाटून केलेले लांबट गोळे असतात, वर मेर्केनची धुरकट मिरची. मुदाय हे गव्हाचं आंबवलेलं पेय आंबूस, मला नाही झेपलं.

मेन्यूवर सगळी नावं मापुदुंगुनमध्ये, म्हणजे मापुचेंच्या भाषेत, मालकीणबाई पाहुण्यांना 'मारी मारी' (त्यांचा नमस्कार) करतात पण पोरीशी मात्र स्पॅनिशच. विचारलं तर म्हणाल्या, आईला शाळेत ही भाषा बोलली म्हणून मार बसायचा, मग तिने घरात मुलांशी ती बोलणंच सोडलं. आता पोरीने हौसेने क्लास लावलाय आणि आज्जी तिचे उच्चार ऐकून खो-खो हसते, म्हणते ही कसली पुस्तकी भाषा! (हसा, पण शिकवा की हो तिला!) तिकडे याच भागातल्या गाल्वारिनो गावात तर २०१३ पासून मापुदुंगुन अधिकृत भाषा झालीये, तरी घराघरात हेच चालू असणार असं मला वाटतं.

सर्व्हिस स्लो आहे, कार्ड चालत नाही, कॅश न्या.