एस्टीमचं फ्लायव्हील हलकं केलं, क्लचपण बदलला, सहा महिन्यांनी लिहितोय

गाडी २००३ ची मारुती एस्टीम, १२९८ सीसी, कागदावर ८५ बीएचपी, आता त्यातले किती उरलेत देव जाणे. सीटा, कार्पेट, एसी सगळं काढलेलं, वर्षाला तीन-चार ऑटोक्रॉस (आखलेल्या वळणावळणाच्या ट्रॅकवर घड्याळाविरुद्धची शर्यत) मारतो आणि उरलेलं वर्ष मित्रांचं डोकं खातो. सगळा खेळ मातीत, बहुतेक वेळ सेकंड गिअर. नवख्यांसाठी: फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या क्रँकच्या टोकाला बसलेली जड चकती, क्लच तिलाच धरतो आणि सोडतो.

पहिली चूक आधी सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक ‘रेसिंग’ क्लच किट मागवलं होतं. कडक प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) आणि चार सिरॅमिक पॅडची क्लच प्लेट, मधल्या हबला धक्का खाणाऱ्या स्प्रिंग नाहीत. फोटोत लय भारी दिसायचं. गाडीत बसल्यावर क्लचचं बटण झालं, एकतर सुटलेला नाहीतर धरलेला, मधे काही नाहीच. ट्रेलरवर रिव्हर्समध्ये चढवताना गाडी अशी थडथडायची की बघणारे मागे सरकायचे. दुसऱ्याच इव्हेंटला क्लच केबल तुटली. तुटणारच की, एस्टीमचा क्लच केबलचा, त्यावर दीडपट जोर टाकल्यावर काय होणार. बरं केबल स्वस्त तरी आहे, पण पेडल दाबलं की तो सगळा जोर क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवरही येतो आणि ते काम निघालं तर इंजिनच खाली उतरवायचं. अजून एक गोष्ट मला तेव्हा माहीतच नव्हती. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर फिरते, म्हणजे गिअर टाकताना तिला आवरायचं काम सिंक्रोच्या रिंगवर (गिअर बसण्याआधी दोन्हींचा वेग जुळवते ती) पडतं. ती पॅडवाली प्लेट ओरिजिनलपेक्षा जड होती आणि थर्डमधून सेकंड टाकताना घर्र व्हायला लागलं. लोक फ्लायव्हीलचं वजन विचारतात, प्लेटचं कोणी विचारत नाही.

या वेळी म्हणून उलट केलं. क्लच साधाच घेतला, एक्सेडीचा स्टँडर्ड सेट, ऑरगॅनिक प्लेट, स्प्रिंगवाला हब, सोबत नवीन रिलीज बेअरिंग, आणि वाचलेले पैसे फ्लायव्हीलवर घातले. ८५ बीएचपीला हा क्लच पुरतो का? पुरतो. मातीत टायर आधी सुटतात, क्लच घसरायची वेळच येत नाही. डांबरी ट्रॅकवर चिकट टायर घालून पळवणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं.

आता फ्लायव्हील. अ‍ॅल्युमिनियमचं बाहेरून मागवायचं, बिलेट स्टीलचं बनवून घ्यायचं, की आहे त्यातलाच माल काढायचा, असे तीन रस्ते होते. अ‍ॅल्युमिनियमचं खर्चात बसेना. ओरिजिनल फ्लायव्हील बिडाचं (कास्ट आयर्न), आणि बीड दाब सोसतं पण ताण सोसत नाही. आरपीएम ६००० वरून ७००० नेले की आतला ताण ३६ टक्के वाढतो, वर्गात वाढतो तो, आणि फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग (क्लचवरचं कव्हर) फोडून थेट पायाशी येतात. म्हणून लेथवर हपापल्यासारखं बीड कातून घेणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. मी ईएन२४ या मजबूत स्टीलच्या बारमधून नवीन बनवून घेतलं, कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये. नाव लिहीत नाही, आधीच तिथं रांग असते.

तिथल्या वर्कशॉपचे मालक म्हणजे टर्नर (लेथवर काम करणारा) माणूस, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना काका म्हणतात. मी सांगितलं मला तीन किलोचं पाहिजे. त्यांनी जुनं काट्यावर ठेवलं, साडेसहा किलोच्या आसपास भरलं, मग म्हणाले, “अरे पोरा, मधला माल काढून काय मिळणार तुला? काढायचं तर कडेचं काढ, आणि प्लेट घासते तिथली जाडी ठेव, नाहीतर तापून वाकंल.” माणूस बरोबर होता. जडत्वात त्रिज्येचा वर्ग येतो, तेव्हा कडेचं पाव किलो मधल्या किलोला भारी पडतं. शेवटी साडेचारवर थांबलो.

फरक किती पडतो ते मी कागदावर काढलं होतं. बारा सेंटिमीटर त्रिज्येवरचे दोन किलो गेले, फर्स्टला एकूण रेशो १४ च्या आसपास आणि टायरची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरली, तर फर्स्टमध्ये गाडी ७२ किलोनं हलकी झाल्यासारखी पळते. म्हणजे एक माणूसच उतरवला की. फोर्थला तोच फायदा जेमतेम पाच किलो. लांब सरळ रस्त्यावर पळणाऱ्यांनी या नादाला लागूच नये, आमच्यासारख्या सेकंड गिअरवाल्यांना मात्र कोपऱ्यातून बाहेर पडताना कळतं, आणि खालचा गिअर टाकताना अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता पाय लावला की आरपीएम टुणकन वर येतात.

तोटेही आहेत. गाडी उभी असताना आयडल थोडं नाचतं, सुटताना पहिल्या दोन वेळा गाडी बंद पडली कारण फ्लायव्हीलमध्ये साठवलेला जोर कमी, आता पाचशेएक आरपीएम जास्त ठेवून सोडतो. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत हे करू नका, ट्रॅफिकमध्ये रडाल.

कामाबद्दल बोलायचं तर रिंग गिअर (फ्लायव्हीलच्या कडेची दातांची रिंग, स्टार्टर तिलाच फिरवतो) काकांनी भट्टीत सगळीकडून सारखा तापवून बसवला, गॅसच्या ज्योतीनं लाल करून नाही, नाहीतर दात मऊ पडतात. डायल गेज लावून रन-आउट, म्हणजे फिरताना ते किती डोलतं, माझ्यासमोर दाखवला. प्रेशर प्लेट बोल्ट करूनच बॅलन्सिंग केलं आणि दोन्हीवर खूण मारून दिली, म्हणजे परत उघडलं तरी त्याच जागी बसेल. बोल्ट नवीन घ्या असं बजावून सांगितलं. हे सांगणारे फार कमी भेटतात हो. आणि पळणार त्या क्लासमध्ये फ्लायव्हील बदलायला परवानगी आहे का, हेही त्यांनीच आधी विचारलं, मी रूलबुक नंतर उघडलं.

काकांच्या कामाला पाचपैकी चार तारे. मंगळवारी देतो म्हणाले आणि दिलं पुढच्या शनिवारी, त्याचा एक कापला. खरं तर दीड कापणार होतो, पण त्या शनिवारी चहा आणि गरम भजी आली.