माळरानावरची बी-फेरी: चादर अव्वल, माहितीपत्रक परक्या मुलखाचे

सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकल्यानंतरच्या रविवारी मी आणि माझी दहा वर्षांची भाची, अशा दोघी जणी बार्शी रस्त्यावर, नान्नजच्या अलीकडे असलेल्या एका गायरानात भरलेल्या बी-फेरीला गेलो होतो. झाडे आपले बी दूरवर कसे पोहोचवतात, हे प्रत्यक्ष दाखवणारी तीन तासांची ही पायी फेरी असून मोठ्यांना 350 आणि मुलांना 200 रुपये शुल्क आहे. सकाळी पावणेसातला सुरुवात झाली आणि ती वेळेवर झाली, हे आधी नोंदवून ठेवते.

या फेरीतला सर्वांत चांगला भाग म्हणजे चादर. मार्गदर्शक ताईंनी घरची एक जुनी, विटलेली सोलापुरी चादर आणली होती. तिची दोन टोके मुलांच्या हाती देऊन त्यांनी ती गुडघाभर वाळलेल्या गवतातून साधारण शंभर पावले ओढत न्यायला लावली आणि मग एका कडुनिंबाच्या सावलीत उलटी पसरून, तिला काय काय चिकटले आहे ते एकेक करून वेचायला सांगितले. आघाड्याची टोकदार फळे शेकड्यांनी निघाली. ओढ्याच्या काठावरून आलेली गोखरूची, म्हणजे शंकेश्वराची, दोन बोंडे होती, ज्यांच्या अंगावरचा प्रत्येक काटा टोकाशी आकड्यासारखा वळलेला असतो. अशा एका बोंडात दोन बिया असतात आणि त्यांतली एक लवकर रुजते, तर दुसरी बऱ्याचदा पुढच्या हंगामापर्यंत थांबून राहते, म्हणजे पहिलीचे रोप पावसाने दगा दिल्यामुळे जळाले तरी दुसरी शिल्लक उरते, ही माहिती मला नवी होती. सोलापूरच्या पावसाचा स्वभाव ठाऊक असलेल्या कोणालाही ही तजवीज लगेच पटावी. आकड्यांच्या अशाच बोंडांवरून स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल यांना 1941 मध्ये वेल्क्रोची कल्पना सुचली, हेही ताईंनी सांगितले. त्यांनी पाहिलेली वनस्पती वेगळी होती, हे सांगायलाही त्या विसरल्या नाहीत.

चादरीत सर्वांत खोल रुतले होते ते कुसळ. आपण शहरातली माणसे कुसळ ओळखतो ते दुसऱ्याच्या डोळ्यातले, म्हणीपुरते. ताईंनी एक कुसळ भाचीच्या तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडले. बियाच्या मागे असलेला लांब, पिळलेला केस ओला होताच आपला पीळ सोडू लागला आणि घड्याळाच्या काट्यासारखा सावकाश गोल फिरला. वाळल्यावर तो पुन्हा पीळ घेतो. दव आणि ऊन यांच्या आलटून-पालटून येण्याने अशी फिरकी बसत बसत बियाचे अणकुचीदार टोक मातीत शिरते आणि टोकाजवळचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. हेच टोक मेंढीच्या लोकरीतून कातडीतही घुसते, म्हणून धनगरांना कुसळी गवत पिकल्यावर कळप कुठे न्यायचा याचा विचार करावा लागतो. मात्र जानेवारीपर्यंत बरेचसे कुसळ गळून गेलेले असते. हीच फेरी नोव्हेंबरमध्ये ठेवली, तर चादर उचलणेही कठीण होईल.

त्यानंतर आम्हाला एका शेळ्यांच्या वाड्यावर नेले. बाभळीच्या मण्यांच्या माळेसारख्या शेंगा शेळ्या आवडीने खातात. त्यातले टणक बी काही रवंथ करताना बाहेर पडते, तर काही लेंड्यांतून. वाड्यावरच्या आजोबांनी कोपऱ्यातला कचरा काठीने उकरून मूठभर गुळगुळीत, काळपट बिया दाखवल्या आणि म्हणाले, “वाडा हलवला की पावसाळ्यात तिथं बाभळीच बाभळी उगवत्यात बगा.” वेड्या बाभळीचा फैलावही असाच गुरांच्या पोटातून झाला आहे, हे ऐकल्यावर रस्त्याकडेची ती काटेरी गर्दी वेगळी दिसू लागली.

वाऱ्याने उडणाऱ्या बियांना जेमतेम पाच मिनिटे मिळाली, याचे वाईट वाटले. रुईचे उकललेले फळ आणि त्यात माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या चपट्या बिया समोर असताना, दोन म्हाताऱ्या हवेत सोडून पुढे चालू लागणे हा त्या झाडावर अन्याय आहे. सराट्याचेही तसेच झाले. त्याचे फळ पाच तुकड्यांत फुटते आणि तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच, हे कोणी सांगितले नाही. ते परतताना एका मुलाच्या चपलेने सांगितले.

न्याहारीला कडक भाकरी, दही आणि शेंगा चटणी होती. चव उत्तम होती, पण संधी हुकली. भुईमुगाचे फूल जमिनीवर उमलते आणि मग आऱ्या, म्हणजे जमिनीत शिरणारे देठ, सुटून शेंग जमिनीखाली धरते, म्हणजे सारी झाडे बी दूर धाडण्याच्या खटपटीत असताना हे झाड ते स्वतःच्या मुळापाशी पुरून ठेवते. समोरच्या ताटात इतका चांगला अपवाद असताना त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

खरी तक्रार माहितीपत्रकाची आहे. चार रंगीत पानांत मेपलची फळे, डँडेलियनची फुले आणि समुद्रातून वाहत जाणारा नारळ आहे; रुई, सराटा, कुसळ, बाभूळ यांचे एकही चित्र नाही. ज्या डाळिंबांवर पाखरे आणि उन्हापासून बचाव म्हणून आपल्याकडे जुन्या साड्या अंथरतात, त्या फळाचा लाल रसाळ गर हे पाखरांसाठीचेच आमिष असते, एवढी एक ओळ तरी सोलापुरात छापलेल्या पत्रकात शोभली असती.

शेवटी प्रत्येकाला पाच बीजगोळे देऊन माळावर फेकायला सांगण्यात आले, तेव्हा मात्र मी थबकले. विचारल्यावर आत गुलमोहर आणि सुबाभूळ असल्याचे कळले. पहिले झाड मूळचे मादागास्करचे, दुसरे मध्य अमेरिकेकडचे. आणि हा माळ म्हणजे ओसाड पडलेली जागा नसून काळवीट, लांडगे आणि एके काळी ज्यासाठी नान्नज ओळखले जाई त्या माळढोक पक्ष्याचे गवताळ घर आहे. तिथे दाट झाडे वाढली तर गवत हटते. आमचे दहा गोळे मी परत केले. ताईंनी वाद घातला नाही, आयोजकांना कळवते म्हणाल्या.

पाचपैकी साडेतीन तारे देत आहे आणि त्यांतले तीन चादरीचे व वाड्याचे आहेत. जाणाऱ्यांनी बंद बूट घालावेत आणि मोजे जाड नसावेत. भाचीच्या मोज्यात राहिलेले एक कुसळ दोनदा धुऊनही निघाले नाही. मागे ओढले की ते अडून बसे, म्हणून अखेर टोकाच्या दिशेने पुढे ढकलून, मोज्याच्या आरपार काढावे लागले.